मापाचं भांडं

६ एप्रिल

आज डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्याच नाहीत. एक कागद दिला, चार रकान्यांचा: वेळ, काय नि किती प्यायलं, लघवी किती झाली, कळ (म्हणजे जावंसं वाटणं) किती जोराची होती. सलग तीन दिवस भरून आणायचा. ‘मूत्राशयाची रोजनिशी समजा ही,’ म्हणाल्या. येताना स्टेशनाबाहेर एक लिटरचं मापाचं भांडं घेतलं. दुकानदाराने ‘केकसाठी का?’ म्हणून विचारलं, तर मी हो म्हटलं. खरं सांगायला जीभ वळली नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली. पहिली उन्हाळी लागली ती लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात. सासूबाईंनी मायेने धन्या-जिऱ्याचं पाणी करून दिलं, ‘अंगात उष्णता वाढलीय’ म्हणाल्या. महिना फेब्रुवारीचा होता, रात्री पांघरूण लागत होतं. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा ठरलेलंच: जळजळ, ओटीपोटात कळा, थेंब-थेंब लघवी. आम्ही जवळ आलो की एक-दोन दिवसांत हे होतं, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. बोलले कुणाशीच नाही. मला ती अस्वच्छता वाटायची, माझी किंवा त्याची. मग साबणाने, जंतुनाशकाने घासून धुवायचे.

डॉक्टरांनी तेच आधी बंद करायला सांगितलं. योनीत राखण करणारे चांगले जिवाणू असतात, साबणाने तेच मरतात. मूत्रमार्गात संसर्ग करणारा जिवाणू बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा जवळजवळ २०. संभोगाच्या वेळी बाहेरचे जिवाणू त्या आखूड वाटेने वर ढकलले जातात. शुक्राणुनाशक लावलेला निरोध वापरत असाल तर धोका आणखी वाढतो. हा गुप्तरोग नव्हे, कुणाच्या चारित्र्याचा दाखलाही नव्हे. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. डोळे भरून आले माझे.

७ एप्रिल

पहाटे ५.१०, ४२० मिली. दुपारी १.३०, २६०, गडद पिवळी. रात्री ८.२०, घरी पोचल्यावर, ६८०.

दिवसात तीनदा. साधारण सहा ते आठ वेळा व्हायला हवी. बदलापूरहून मुंबईला जाताना दीड तास आणि येताना दीड तास, लोकलमध्ये संडास नाही, म्हणून सकाळी अर्धा कप चहावर निघायचं. ऑफिसात आमच्या मजल्यावरच्या बाथरूमची कडी महिनोन्महिने मोडलेली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला दाराशी उभं करून एकदाच जायचं. १५०-२०० मिलीला पहिली जाणीव होते, ४०० च्या आसपास जायलाच हवं असं वाटतं. मी ६८० पर्यंत ओढते, आणि मला ते कर्तबगारी वाटायची. २०११ मध्ये मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून चळवळ सुरू केली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या अन्यायावर बोट ठेवलं. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. बातमी वाचून डब्यातल्या बायकांनी विषय बदलला, त्यात मीही होते.

आज लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. ते ६८० मिली मोकळं होताना मानेपासून तळपायापर्यंत शिरशिरी गेली. ते सुखच होतं. रोज होतं. आणि ते त्या दुसऱ्या सुखाच्या किती जवळचं आहे, हे मला ठाऊक आहे.

१० एप्रिल

कागद घेऊन गेले. तो बघून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, ‘अजून काही?’ आणि नऊ वर्षं न बोललेलं बोलले. ऐन वेळी, बरं वाटायला लागतं ना, नेमकं तेव्हाच मला लघवी लागते. मी थांबवते, उठते, बाथरूममध्ये जाते. चार थेंब होतात. परत येईपर्यंत सगळं विझलेलं असतं.

त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. माकडहाडाच्या वर, कण्याच्या त्रिकास्थी भागातून, दोन, तीन आणि चार नंबरच्या नसा निघतात. त्यांचेच फाटे मूत्राशयाला जातात, मूत्रमार्गाच्या झडपेला जातात, आणि शिश्निकेलाही, म्हणजे क्लिटोरिसला. एकाच वाड्यातली बिऱ्हाडं. एकीकडे खुट्ट झालं की दुसरीकडे ऐकू जातं. शिवाय मूत्राशय आणि मूत्रमार्ग योनीच्या पुढच्या भिंतीला टेकलेले, तेव्हा आतून दाब आला की तो त्यांनाही जाणवणारच.

शिश्निका म्हणजे वर दिसतो तेवढा दाणा नव्हे, हेही आज कळलं. मेलबर्नच्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलेन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदन करून दाखवून दिलं की तिचा मोठा भाग आत असतो आणि मूत्रमार्गाला तिन्ही बाजूंनी वेढा घालतो. चौथ्या बाजूला योनीची भिंत. उत्तेजित झाल्यावर हा भाग रक्ताने फुगतो. मग मूत्रमार्गापाशी काहीतरी भरून आल्यासारखं वाटणारच! आणि १९९८ म्हणजे मी शाळेत होते तेव्हा. माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी हे नीट पाहिलं गेलं. याचा मला राग येतो.

मग तपासलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मुठीसारखे आवळलेले आहेत म्हणाल्या. दाबून धरताना जे स्नायू आवळतो, तेच. मी ते लोकलमध्ये आवळते, लग्नकार्यात शालू सोडवत नाही म्हणून आवळते, आणि रात्रीही, ओलं होईल या भीतीने. सुखाच्या वेळी आपोआप आकुंचन पावायचे ते याच स्नायूंनी. आधीच आवळलेली मूठ आणखी काय मिटणार? त्यामुळेच कधी आत दुखायचं, लघवी पूर्ण व्हायची नाही, आणि लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, स्वच्छ येऊनही जळजळ राहायची. गेल्या वर्षीचे माझे दोन रिपोर्ट असेच होते. त्या दोन्ही वेळी मी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या होत्या. पुन्हा हे करायचं नाही, हे त्यांनी जरा दरडावूनच सांगितलं. आणि थंडी वाजून ताप किंवा कमरेच्या वर पाठीत दुखलं तर घरी वाट बघत बसायची नाही, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

अमेरिकेतल्या डॉ. केगेल यांचा १९४८ पासूनचा आवळायचा व्यायाम मी मोबाइलवर बघून वर्षभर केला होता. मला नेमका उलटा हवा होता. आधी सोडायला शिका, म्हणाल्या.

१४ एप्रिल

सुट्टी. मुलगी आजीकडे. ह्याला चित्र दाखवलं.

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘तू उठून जायचीस ना, मला वाटायचं तुला नकोय. म्हणून मी हल्ली विचारणंच सोडलं.’

नऊ वर्षं मी बाथरूममध्ये चार थेंबांसाठी बसलेली, आणि हा अंधारात ही समजूत करून पडलेला.

नंतर त्यानेही विचारलं, सकाळी ताठरता असताना त्याला लघवी का होत नाही. मला आता माहीत होतं: पुरुषात त्या वेळी मूत्राशयाचं तोंड आवळलेलं असतं, वीर्यपाताच्या क्षणी तर पूर्ण बंद, म्हणून दोन्ही मिसळत नाही. आम्ही शाळेतल्यासारखे त्या चिठ्ठीवर वाकून बसलो होतो. इतकं जवळ बसणंही किती दिवसांनी झालं.

२१ एप्रिल

फिजिओथेरपिस्टकडे दुसऱ्यांदा. उताणं पडून पोटात श्वास घ्यायचा, आणि श्वास आत जाताना खालचा तळ सैल होऊन उतरतोय असं बघायचं. सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मला तो तळ सापडलाच नाही.

पाण्याचंही बदललं. २०१८ च्या एका अभ्यासात १४० बायका होत्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. मी आता सकाळी निघण्याआधी एक तास पेलाभर पिते, लोकल पकडायच्या आधी स्टेशनवर जाऊन येते, ऑफिसात दर तीन तासांनी उठते. कडीचा अर्ज दिलाय, लेखी, माझ्या सहीने. मागे सात जणींनी सह्या केल्या.

संबंधानंतर लघवीला जाऊन यायचं. त्याचा पुरावा फार भक्कम नाही, पण त्यात नुकसान काहीच नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आधी मात्र अर्धा-एक तास जाऊन यावं. भरलेल्या मूत्राशयाने काही जणींना जास्त सुख जाणवतं, दाब वाढतो म्हणून. खोटं कशाला, मलाही जाणवलंय. पण माझ्यासारख्या सारख्या संसर्गवालीने त्यासाठी मुद्दाम तुंबवून ठेवू नये. मूत्राशय रिकामं आहे हे पक्कं ठाऊक असलं की मधे येणारी ती कळ लघवीची नाही, हेही पक्कं कळतं. मग तिला घाबरायचं कारण उरत नाही.

३ मे

कागद पुन्हा तीन दिवस भरायचा होता. कालचा दिवस: सात वेळा. सगळ्यात जास्त ३९०, सगळ्यात कमी २००. पाणी सव्वादोन लिटर. जळजळ नाही.

रात्रीच्या नोंदीपाशी अडले. चार रकान्यांत ते बसेना. उजवीकडे समासात पट्टीने रेघ मारून पाचवा रकाना आखला, त्याला नाव दिलं नाही. डॉक्टर वाचतील, वाचू देत.

१०.४५, २१० मिली.
११.४०, कळ आली. उठले नाही.
१२.१५, १२० मिली. कळ नाही.