आमची वाटचाल : तंगसापासून सात फुटी रॉडपर्यंत

गोव्यात फोंड्यातलं आमचं मासेमारीच्या सामानाचं दुकान सुरू झालं ते जाळ्याचं सूत, शिसं, गऱ्या (गळाचे आकडे) आणि तंगूस (नायलॉनची दोरी) यांच्यावर. गरवणारा माणूस तेव्हा गुंडीवरून हातानेच तंगूस सोडायचा आणि बोटाला ओढ लागली की खेचायचा. मांडवी-जुवारीच्या काठावर असे हातदोरीवाले अजून आहेत, त्यांचा माल आम्ही ठेवतोच. रॉड-रील, म्हणजे गळाची काठी आणि लाइन (दोरी) गुंडाळायचं चक्र, मागणारं गिऱ्हाईक नंतर आलं. साळावली-अंजुण्याच्या धरणांकडे, गावच्या तळ्यावर, नाहीतर तिळारीच्या कालव्याच्या काठाने फिरणारं. त्याचं मागणं ठरलेलं: सगळ्याला चालेल असा एकच सेट द्या, आणि खिशाला परवडणारा द्या.

कंपन्यांचे कॅटलॉग वाचून यावर उत्तर मिळत नाही, कारण कॅटलॉगात प्रत्येक रॉड सर्वगुणसंपन्नच असतो. आम्ही दुरुस्तीच्या टेबलाकडे बघत गेलो. काय मोडून येतं, कुठे मोडतं, काय वर्षानुवर्षं परत येतच नाही, त्यावरून फळीवरचा माल बदलत गेला.

सगळ्यात आधी फळीवरून उतरले ते टेलिस्कोपिक रॉड. दिसायला सोयीचे, दप्तरात मावतात, रीलसकट हजाराच्या आत मिळतात. पण त्यात पाच-सहा नळ्या नुसत्या घर्षणावर अडकलेल्या असतात. काठावरची रेती एकदा आत गेली की नळी उघडत तरी नाही किंवा मिटत तरी नाही. जोर लावून पिळलं की पातळ नळीला उभी चीर जाते. शिवाय नळ्या वापरताना फिरतात, गाइड (लाइन ओवायच्या रिंगा) एका रेषेत राहत नाहीत आणि फेकताना लाइन घासत जाते. विमानाने येणारा पाहुणा मागतो म्हणून एखाद-दुसरा ठेवतो, एवढंच.

आज ‘एकच द्या’ म्हणणाऱ्याला आम्ही ७ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम पॉवरचा स्पिनिंग रॉड देतो. रॉडवर लिहिलेलं वाचून घ्यावं: लाइनची ताकद ८ ते १५ पौंड, फेकायचं वजन ७ ते २८ ग्रॅम किंवा त्याच्या आसपास. यात तिलापियासाठी फ्लोट आणि लहान गरी चालते, रोहू-कटल्यासाठी १५-२० ग्रॅमचं शिसं आणि पेंडीची गोळी चालते, मरळीसाठी १० ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं खोटं आमिष) किंवा हलका रबरी बेडूकही चालतो. ६ फुटी रॉड झाडीत बरा, पण बांधाच्या चिऱ्यांवर उभं राहून लाइन दगडांच्या वर ठेवायची तर तो एक फूट कामाला येतो. काठापासून जरा मागे उभं राहता येतं हाही फायदाच. कुंभारजुव्याच्या कालव्याकडे जाणाऱ्याला तर आम्ही हे मुद्दाम सांगतो, तिथे मगरी आहेत.

पॉवर आणि ॲक्शन यांत लोकांचा गोंधळ होतो. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि तो कुठून वाकतो ती ॲक्शन. काउंटरवर आम्ही टिपेला २०० ग्रॅमचं वजन बांधून दाखवतो. फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकला तर फास्ट, मधल्यापर्यंत वाकला तर मॉडरेट. परवडणाऱ्या सेटला आमची पसंती मॉडरेट-फास्टला. नवख्याचा हात घाईने खेचतो तेव्हा असा रॉड स्वतः वाकून तो झटका पोटात घालतो. गरी माशाच्या तोंडातून फाटून निघत नाही, लाइनही तुटत नाही.

फायबरग्लास, ग्राफाइट की दोन्हीचं मिश्रण? स्वस्तातला शुद्ध ग्राफाइट आम्ही टाळतो. तो हलका असतो, मासा टोचतोय हे हाताला लगेच कळतं, पण भिंत पातळ असल्यामुळे दगडावर आपटून बारीक चरा पडला की पुढच्या मोठ्या माशाला तिथेच तुकडा पडतो. मिश्र ब्लँक (रॉडची नुसती काठी) थोडा जड असतो, पण मार सोसतो. ग्राफाइटमधून वीज वाहते हेही लक्षात ठेवायचं. शेताडीत लोंबणाऱ्या तारांखाली, आणि पहिल्या पावसात गडगडाट सुरू असताना, रॉड उभा धरायचा नाही. मिश्र रॉडलाही हेच लागू आहे, आणि ओल्या फायबरग्लासवरही भरवसा नको.

घेताना बघायचं ते असं. रॉड जोडून डोळ्याला लावायचा आणि गाइड एका रेषेत आहेत का बघायचे. कापसाचा बोळा प्रत्येक गाइडच्या आतून फिरवायचा. कुठे तंतू अडकला तर रिंगला चीर आहे, ती लाइन सोलून काढणार. रील सीटवर (रील अडकवायच्या जागी) रील घट्ट बसवून हलवून बघायचं. जोड बसवताना दोन तुकडे थोडे तिरके ठेवून, दाबत-दाबत सरळ फिरवायचे. जोडावर मेणबत्तीचं थोडं मेण घासलं तर तो सुटतोही नाही आणि अडकतही नाही.

रॉड मोडतात ते बहुतेक मासा खेचताना नव्हे, गाडीचं दार लावताना. दुसरं कारण म्हणजे मासा पायाशी आल्यावर रॉड डोक्यामागे नेणं. मग सगळा भार टिपेच्या वीतभर भागावर येतो. मासा जवळ आला की रॉड खालच्या कोनात धरून मासा जाळीने उचलावा, तंगसाला लोंबकळवून वर घेऊ नये.

आता रील. पैसे कुठे घालायचे तर इथे. आमच्या हिशेबात पूर्ण सेट साधारण चार ते पाच हजारांत बसतो आणि त्यातले अर्धे किंवा थोडे जास्तच रीलला जातात. माप २५०० किंवा ३०००. हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. दाइवा कंपनीने २०१८ साली एलटी मालिका आणली, त्यानंतरचं त्यांचं २५०० जुन्या २५०० पेक्षा लहान भरतं. म्हणून आकड्यापेक्षा स्पूलवर (लाइन गुंडाळली जाते त्या रिळावर) छापलेली क्षमता वाचावी. १० पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन लाइन) सव्वाशे मीटरच्या आसपास मावली की झालं. गिअर ५.२:१ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७०-७५ सेंटिमीटर लाइन आत येते, सगळ्या कामांना तेवढी गती पुरते.

खोक्यावर ‘१२ + १ बेअरिंग’ असं ठळक छापलेलं असतं. त्याला भुलू नका. डझनभर हलक्या बेअरिंगांपेक्षा तीन-चार चांगली बरी. टेबलावर येणारी रीलं तीन ठिकाणी बिघडलेली असतात: लाइन रोलर, अँटी-रिव्हर्स (हँडल उलटं फिरू न देणारी अडक) आणि ड्रॅग (मासा जोरात ओढेल तेव्हा लाइन सोडणारा ब्रेक). रोलर म्हणजे बेलच्या (स्पूलवर लाइन गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीच्या) टोकाशी असलेली छोटी चाकी. ती फिरायची थांबली की लाइन एकाच जागी घासते, चाकीवर चर पडतो, आणि लाइन तुटायला लागली की माणूस दोष लाइनीला देतो. घेतानाच लाइन ओढून ती फिरते का बघा. हँडल उलटं फिरवल्यावर जागच्या जागी थांबलं पाहिजे. चतुर्थांश फेरा मागे जात असेल तर खेचताना प्रत्येक वेळी झटका बसणार. हँडल शक्यतो थेट गिअरमध्ये आट्याने बसणारं घ्यावं. आरपार बोल्टवालं ढिलं होत जातं.

ड्रॅगची चाचणी सामान तोलायच्या लटकत्या काट्याने होते. रॉडला लाइन ओवून, काट्याला बांधून सावकाश ओढायची. १० पौंडी म्हणजे साडेचार किलोच्या लाइनीला ड्रॅग १.१ ते १.५ किलोवर सुटला पाहिजे, म्हणजे लाइनीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर. आकड्याइतकंच सुटण्याची रीत महत्त्वाची. अडखळून, धक्क्याने सुटणारा ड्रॅग रोहूच्या पहिल्या धावेतच लाइन तोडतो. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर आतले वॉशर चेपून बसतात.

एक सांगायलाच हवं: रीलमध्ये खोबरेल घालू नका. घराघरांत असतं म्हणून घालतात, पण ते थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि आम्हाला ते पेट्रोलने खरवडावं लागतं. रोलरला आणि बेलच्या बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, गिअरला रीलचं ग्रीस, बस्स.

आणि गोड्या पाण्यासाठी म्हणून घेतलेला सेट गोव्यात खाऱ्या पाण्यात जाणारच. मांडवी-जुवारीत भरती खूप आतपर्यंत जाणवते. आज तळ्यावर तिलापिया, तर उद्या मानशीवर (खाडीच्या पाण्याच्या झडपेवर) चणाक आणि काळुंदर हे खाडीतले मासे. हरकत नाही, पण परतल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. पाइपाचा जोराचा फवारा मारला तर मीठ उलट आत ढकललं जातं.

लाइनीत सुरुवातीला १० पौंडी नायलॉन मोनोच. व्यास ०.२८ मिलिमीटरच्या आसपास. दुकानात मायक्रोमीटर ठेवल्यापासून आमची खरेदीच बदलली. गुंडीवर २० पौंड आणि ०.२० मिलिमीटर असं दोन्ही छापलेलं असेल, तर साध्या मोनोत ते शक्य नाही. मोजलं की व्यास तरी जाड निघतो, नाहीतर ताकद निम्म्याहूनही कमी. मोनो ताणली जाते, नवख्याची चूक सांभाळून घेते, गाठ सोपी बसते आणि जांभ्याच्या खरखरीत चिऱ्यावर तशी टिकते. ऊन मात्र तिला सोसत नाही. गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेली गुंडी काही महिन्यांत कुजते. दर मोसमाला बदलावी आणि जुनी लाइन काठावर टाकू नये, पक्ष्यांच्या पायांत अडकते.

ब्रेड म्हणजे वेणीची लाइन. २० पौंडी ब्रेड ०.२० ते ०.२३ मिलिमीटरची, म्हणून लांब जाते, आणि न ताणल्यामुळे मरळीने बेडूक धरला की गरी लगेच रुतते. पण जांभ्यावर घासली की सुरीने कापल्यासारखी जाते. पुढे १५-२० पौंडी मोनोचा मीटरभर लीडर (गरीजवळचा जोडतुकडा) हवाच, डबल युनी गाठीने. शिवाय ब्रेड नुसती बांधली तर स्पूलवरच गरगरते. आधी थोडी मोनो गुंडाळून मग ब्रेड जोडावी. कमळाच्या पानांत, दाट शेवाळात मरळ ओढायची असेल तर आमचा हा सर्वगुणी रॉड अपुरा पडतो, तिथे मीडियम-हेवी लागतो. हे आम्ही विकतानाच सांगतो.

लाइन भरण्याचं काम आम्ही दुकानातच करून देतो, कारण अर्ध्या तक्रारी तिथून येतात. स्पूलच्या कडेपासून दोनेक मिलिमीटर जागा सोडून भरायची. जास्त भरली की वेटोळी एकदम सुटून गाठ बसते, कमी भरली की फेक आखूड पडते. १०० मीटरची एक गुंडी या स्पूलला पुरत नाही. खाली जुनी मोनो घालून वर नवी घ्यावी. भरताना लाइन ओल्या फडक्यातून ताणून घ्यायची. दहा-पंधरा फेऱ्यांनी ढिली सोडून बघायची, पीळ पडत असेल तर गुंडी उलटी करायची. फेकल्यावर बेल हँडलने न मिटवता हाताने मिटवली तर पीळ बराच कमी होतो. गरीची गाठ मोनोला पाच-सहा फेऱ्यांची सुधारित क्लिंच, ब्रेडला पालोमार. आवळण्याआधी थुंकीने भिजवायची, कोरडी गाठ घर्षणाने तापून तिथेच कमजोर होते.

जूनमध्ये बोटींना समुद्रबंदी लागते तशी आमची गर्दी वाढते. तेव्हा ओढ्यांत चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते सोडून द्यावेत असं आमचं मत आहे. अभयारण्यांत, म्हणजे म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले या भागांत, गरवायला बंदी आहे. धरणांवर परवानगी विचारूनच जावं.

तुटलेली टिप घेऊन येणाऱ्यांसाठी: सोबत तुटका तुकडाही आणा. नवी टिप ब्लँकच्या व्यासावरून ठरते, अंदाजाने लावलेली टिकत नाही. मोड वरच्या दोन-तीन इंचांत असेल तर ती गरम ग्लूने काही मिनिटांत बसते. जोडाजवळ मोडला असेल तर दुरुस्तीचे पैसे घालू नका, त्या भावात थोडी भर घालून नवा रॉड येतो.