कानांनी बघायची मालिका

परत आलेल्या मालिकेकडे जुना प्रेक्षक सासूच्या नजरेने बघतो. सगळं जागच्या जागी आहे ना हे आधी तपासायचं, कौतुक मग सावकाशीने. ‘डेअरडेव्हिल’चा तिसरा सीझन ऑक्टोबर २०१८मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात नेटफ्लिक्सने मालिका गुंडाळली. मग मार्च २०२५मध्ये ती डिस्नेकडे ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ या नावाने उगवली. कागदोपत्री हा पहिला सीझन, पण मी तरी चौथाच धरून चालतो. नायक मॅट मरडॉक म्हणून चार्ली कॉक्स आणि खलनायक विल्सन फिस्क म्हणून व्हिन्सेंट डिनोफ्रिओच असल्यावर बारसं कुणी का करेना!

सुरुवातीचे दोन भाग एकदम आले, एकदमच संपवले. जुनी धून नव्या वाद्यमेळात ऐकू आली तेव्हाच निम्मी लढाई त्यांनी जिंकली होती. हा नायक दिवसा आंधळा वकील, रात्री मुखवटा चढवून गुंडांशी लढणारा डेअरडेव्हिल. लहानपणच्या अपघातात दृष्टी गेली आणि कान असे तयार झाले की समोरच्याच्या छातीतले ठोके त्याला ऐकू येतात. त्यामुळे ही मालिका मुळात कानांची आहे. २०१५च्या पहिल्या सीझनमधली, दुसऱ्या भागातली ती बोळातली मारामारी आठवा. पळवून नेलेल्या मुलाला सोडवायला मॅट एकटाच शिरतो. कॅमेरा बोळातच रेंगाळतो आणि निम्मी हाणामारी बाजूच्या खोल्यांमध्ये होते. आपल्याला दिसतं ते दार, ऐकू येते ती आदळआपट. मधूनच एक मायक्रोवेव्ह दारातून उडत बाहेर येतो. आणि नायक चक्क दमतो, भिंतीला टेकून उभा राहतो. सुपरहिरोला धाप लागते हे तेव्हा केवढं नवं वाटलं होतं!

(ज्यांनी नवा सीझन पाहिला नसेल, त्यांनी इथून पुढे आपल्या जबाबदारीवर वाचावं.)

नव्या सीझनने पहिल्या काही मिनिटांतच फॉगीला मारलं. फॉगी नेल्सन, मॅटचा भागीदार, जिवलग मित्र आणि या काळ्याकुट्ट मालिकेतला एकमेव मोकळा हसणारा माणूस. जुन्या प्रेक्षकाला एवढ्या लवकर एवढा मोठा फटका देणं मला पटलेलं नाही. धक्का द्यायची घाई त्यात दिसते. पण ते केलंय कसं, याला मात्र दाद द्यावी लागते. खाली फुटपाथवर गोळी लागलेला फॉगी आणि त्याला धरून बसलेली दोघांची मैत्रीण कॅरेन. वर गच्चीवर मॅट आणि मारेकरी पॉइंडेक्स्टर. मॅट लढतोय, पण त्याचं लक्ष खाली आहे, त्या ठोक्यांकडे. ठोके मंदावतात, थांबतात. पुढच्या क्षणी तो पॉइंडेक्स्टरला गच्चीवरून खाली ढकलतो. जीव घ्यायचा नाही, हा ज्याचा नेम, तो माणूस.

त्याआधीची मारामारी मात्र फसली आहे. सलग एका शॉटचा आव आहे, पण मधूनमधून मॅट संगणकाने फेकल्यासारखा हवेत तरंगतो. बोळातल्या त्या मॅटला वजन होतं. पडला की आपल्याच बरगड्या दुखायच्या.

आणि मग दोघांची भेट. फिस्क आता न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा आहे, आणि निवडूनही येतो. मुखवटा टाकून दिलेला मॅट आणि सूट चढवलेला फिस्क एका साध्या उपाहारगृहात समोरासमोर बसतात. आवाज चढत नाहीत. तू पुन्हा रात्री बाहेर पडलास तर बघ, तू पुन्हा जुन्या वाटेला गेलास तर बघ, एवढाच काय तो मजकूर. डिनोफ्रिओ प्रत्येक वाक्याआधी थांबतो. शब्द घशातून ओढून काढावा लागतोय असं वाटतं. समोरचा आपले ठोके मोजतोय हे फिस्कला ठाऊक आहे, तरी तो निवांत बसून राहतो. दोन भागांतली सगळी गच्ची-कोसळणी मी या टेबलावरून ओवाळून टाकीन.

या सीझनला शिवण आहे, आणि ती दिसते. २०२३मध्ये हॉलीवूडच्या संपाच्या काळात काम थांबलं, तेव्हा आधीचा आराखडा मोडून नव्या लोकांच्या हाती सूत्रं दिली गेली. पहिला भाग नंतर चित्रित झाला आणि जुन्या चित्रीकरणाच्या पुढे जोडला गेला. आधीच्या आराखड्यात फॉगी आणि कॅरेन नव्हतेच म्हणे. म्हणूनच दुसऱ्या भागात मालिकेची चाल अचानक बदलते. वर्ष उलटलेलं, नवी भागीदार, नवी मैत्रीण हे पहिल्याच भागात येऊन गेलेलं, आता नवा खटला.

त्या दुसऱ्या भागाचा शेवट मात्र झकास. साक्षीदाराला शोधत मॅट एका घरात पोचतो आणि मागून दोन भ्रष्ट पोलीस येतात. पोशाख नाही, गच्ची नाही, एक अडचणीची खोली. तो आधी मार खातो. नको नको म्हणत असतो, आणि मग हात सुटतात. हाडं मोडल्याचे आवाज असे येतात की मी रिमोटकडे हात नेला होता. शेवटी तो ओरडतो. संतापाने की सुटकेने, ते कॉक्सने चेहऱ्यावर बेमालूम घोटाळून ठेवलंय.

आता खटला उभा राहणार. मला तिथे जास्त रस आहे. हा माणूस रात्री काय करतो ते पुष्कळ पाहून झालं. साक्षीदाराचे ठोके ऐकत उलटतपासणी घेणारा वकील भर कोर्टात काय काय करू शकेल, हे जुन्या तीन सीझनांनीही पुरतं वापरलं नव्हतं.