एका पाकिटावर दोन साम्राज्यांची तिकिटं

इथे व्हिएन्नातल्या टपाल-लिलावांत अधूनमधून असं पाकीट येतं: डावीकडे चांद-ताऱ्याचं तुर्की तिकीट, उजवीकडे ऑस्ट्रियाच्या तिकिटावर सम्राट फ्रान्झ योझेफचा चेहरा. ते खरं की खोटं हे ठरवायला आधी एवढंच पाहावं, की या पत्राला खरंच दोन तिकिटं लागत होती का?

ओटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या टपालाची पहिली तिकिटं १८६३ ची. आंतरराष्ट्रीय टपाल करार १८७५ मध्ये लागू झाला. तोवर परदेशी जाणारं पत्र बहुतेक बंदरातल्या परकीय टपाल कचेरीकडे सोपवावं लागे. ऑस्ट्रियाच्या अशा अनेक कचेऱ्या होत्या आणि ट्रिएस्ट या तेव्हाच्या ऑस्ट्रियन बंदरातल्या लॉइड कंपनीची जहाजं टपाल नेत. अनातोलियात आत वसलेल्या तोकातहून ट्रिएस्टला लिहायचं, तर कॉन्स्टँटिनोपलपर्यंत (आजचं इस्तंबूल) तुर्की तिकीट आणि पुढे ऑस्ट्रियाचं. हे दुसरं तिकीट पुष्कळदा तिथला अडत्या लावी. म्हणून पत्र मुळात कॉन्स्टँटिनोपलचंच असेल आणि तरी त्यावर तुर्की तिकीट असेल, तर शंका घ्यायलाच हवी. सुटी वापरलेली तुर्की तिकिटं स्वस्त मिळतात आणि साध्या ऑस्ट्रियन पाकिटावर मागाहून चिकटवणं मुळीच अवघड नाही.

मग दर जुळवा. कॉन्स्टँटिनोपल ते ऑस्ट्रिया, साधं पत्र: १५ सोल्दी (या ऑस्ट्रियन कचेऱ्यांच्या तिकिटांवरचं चलन), म्हणजे तपकिरी तिकीट. लेव्हांटच्या, म्हणजे पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या, बंदरांमधल्या पत्राला १० सोल्दी, निळं. तुर्की चलनात ४० पारा म्हणजे एक पियास्तर.

आता दहापट भिंग घ्या. १८६७ च्या ऑस्ट्रियन तिकिटावर सम्राटाचे कल्ले जाडेभरडे, एकमेकांत मिसळलेले दिसतात. बारीक, सुटे केस १८७४ नंतरच्या छपाईत येतात. तसं तिकीट १८७० च्या पत्रावर असेल, तर ते त्या पत्राचं नव्हेच. शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर सलग उतरलेली हवी. रेघ तिकिटाच्या कडेशी तुटत असेल किंवा कागदावर किंचित सरकलेली असेल, तर पाकीट परत ठेवा. तुर्की तिकिटावर अरबी लिपीत ‘बत्ताल’, म्हणजे ‘रद्द’, असा शिक्का मिळतो. आपल्या जुन्या कागदपत्रांतलं ‘बातल’ त्याच अरबी धातूचं! शेवटी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. त्याखाली कागद किंवा डिंक निळसर-पांढरा चमकला, तर विसाव्या शतकाचा हात लागला आहे.

दोन गोष्टींवरून मात्र घाईने ‘खोटं’ म्हणू नका. आतली तारीख शिक्क्याच्या १२ दिवस आधीची असेल, तर लिहिणाऱ्याने जुन्या ज्युलियन पंचांगाची, तेव्हा १२ दिवस मागे असलेली, तारीख घातलेली असू शकते. ग्रीक व्यापारी तर पुष्कळदा ‘३/१५’ अशा दोन्ही तारखा लिहीत. आणि कागदावर छिन्नीने मारल्यासारख्या चिरा असतील, तर त्या साथीच्या काळात पत्र धुरी देऊन निर्जंतुक केल्याच्या खुणा असू शकतात. त्या बुजवू नयेत. पाकीट पीव्हीसीच्या नव्हे, पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवा, आणि तिकिटाखाली काय आहे ते पाहायला वाफ कधीही देऊ नका.