तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात ऑपरेशन कशाला?

आईला बघायला आलेला माणूस चहा संपवून उठतो, दाराशी मला गाठतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "या वयात ऑपरेशन कशाला केलंत? पडून राहिली असती, जुळलं असतं हळूहळू." आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं होत आली, अजून विचारतात. परवा सांगलीच्या मार्केट यार्डात तुम्हीही विचारलंत. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, धड उत्तर देता आलं नाही.

आई तासगावकडे, गावी असते. ऐंशीला दोन महिने कमी असताना न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडकला आणि ती कुशीवर पडली. जिन्यावरून नाही की माडीवरून नाही, उभ्याची आडवी झाली एवढंच. भावाने उचलून कॉटवर ठेवली. मी सांगलीहून पोचले तेव्हा तिचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं. टाच उचलता येत नव्हती. आता कुणाची म्हातारी पडल्याचं कळलं की मी आधी तिचं पाऊल कुठल्या बाजूला पडलंय ते विचारते. तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मामांच्या आग्रहाखातर हाडं बसवणारा आणला. त्याने पाय ओढला, पाला बांधला. आई अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. ती रात्र आम्ही फुकट घालवली.

वॉनलेस डॉक्टरांनी 1894 साली इस्पितळ काढलं तेव्हापासून मिरजेला पार कर्नाटकातून माणसं औषधपाण्याला येतात, आणि आम्ही तासाभराच्या वाटेवर पाला बांधून बसलो होतो! सकाळी आईला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि पेनाने दाखवलं: मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. गोळ्याखाली मान. आईची ती मान मोडून सरकली होती. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानेवरूनच वर जातात. त्या तुटल्या की गोळा सुकतो, मग हाड जुळायचं कशाच्या जोरावर? मानेच्या खालच्या अंगाला मोडलं असतं तर तिथे रक्त चांगलं असतं, आत सळी आणि स्क्रू घालून जुळवलं असतं. इथे गोळा काढून धातूचा बसवायचा, वाटी तिचीच ठेवायची. अर्धा सांधा म्हणतात त्याला.

मामा म्हणाले, "डॉक्टर, तिचं वय तरी बघा."

"वय बघूनच सांगतोय," डॉक्टर म्हणाले. "पंचविशीतला पोरगा असता तर त्याचा गोळा वाचवायची खटपट केली असती. तो कुबड्यांवर दोन-तीन महिने काढेल. आजींना दोन-तीन महिने झोपवून ठेवलं तर काय होईल?" आणि त्यांनी बोटांवर मोजलं: पाठीला जखमा, छातीत कफ साचून न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पायात रक्ताची गुठळी आणि ती फुप्फुसात गेली तर खेळ खलास. पडल्यापासून 48 तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं, त्यातले जवळपास वीस आम्ही घालवलेत, हेही ऐकवलं. मामा गप्प झाले. सही मी केली.

कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला वॉकर धरून उभी केली. चार पावलं चालली आणि व्यायाम घेणाऱ्या पोरीला तिने अस्सल गावच्या शिव्या दिल्या. सगळं गोडच झालं असं नाही. दोन रात्री ती भ्रमात होती, मला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारत होती. आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. पाटावरची पंगत गेली, कमोडची खुर्ची आली. टेबलावरचा घास घशाखाली उतरत नाही म्हणते.

पण मला खरं बोचतं ते वेगळंच, आणि ते कुणी विचारत नाही. या पडण्याच्या सहा वर्षं आधी ती अंगणात हातावर पडली होती आणि मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी काढलं, विषय संपला. साध्या पडण्याने मनगट मोडतं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, हे तेव्हा ना डॉक्टर बोलले ना आम्ही विचारलं. वास्तविक कारण घरातच होतं. अडतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. गावोगाव काढत होते तशी. पाळी जाते तेव्हा हाडं राखणारं इस्ट्रोजेन कमी होतं, म्हणून त्या वयापासून बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. आईचं ते दहा-बारा वर्षं आधीच गेलं. मिरजेत नंतर डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी केली. उणे 2.5 किंवा त्याखाली आकडा आला की ऑस्टिओपोरोसिस धरतात. आईचा उणे 3.4 आला. तोवर ना दुखलं ना खुपलं. गुडघा झिजतो तेव्हा कुरकुरतो तरी, हा आजार हाड मोडेपर्यंत तोंड उघडत नाही.

म्हणून आता न्हाणीचा उंबरा फोडलाय, भिंतीला धरायला दांडी बसवलीय. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम चालू आहे. नाचणीची भाकरी ती आधीपासूनच खायची, पण नुसत्या भाकरीने हा आजार हटत नाही. दर गुरुवारी एक गोळी असते. सकाळी उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, कारण अडकली तर अन्ननलिका पोळते. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. हा अर्धा तास तिला ऑपरेशनपेक्षा जड जातो. वहिनी मुद्दाम चहा उशिरा टाकते, तरी वास येतोच. आई खुर्चीत ताठ बसते, एक डोळा घड्याळावर, एक चुलीकडे.

"किती झाली गं?"

"अकरा मिनिटं, आत्या."

"मघाशी पण अकराच म्हणालीस."