तळहातावर मोजलेला उजेड

मे महिन्यात जुन्या नाशकातल्या एका वाड्यात लग्न होतं. गोरज मुहूर्त. मांडव गच्चीवर घातला होता, पण दुपारी वळीव असा कोसळला की कापडातून धारा लागल्या, आणि घरच्यांनी पाट थेट माजघरात मांडले. मी तेव्हा ज्या काकांच्या हाताखाली लग्नाच्या फोटोंचं काम शिकत होतो, त्यांनी उंबऱ्यातूनच वर बघितलं आणि फ्लॅश बॅगेत ठेवायला सांगितलं. वर सागवानी तुळया, वर्षानुवर्षांच्या धुराने काळ्या पडलेल्या. पांढऱ्या स्लॅबवर मारलेला फ्लॅश मऊ होऊन खाली येतो. काळं लाकूड तो गिळून टाकतं. थेट तोंडावर मारायचा तर मुंडावळ्यांची सावली कपाळावर उमटते, आणि काकांना ते कधीच चालायचं नाही.

उरला तो चौकातून येणारा ढगाळ संध्याकाळचा निळसर उजेड आणि माजघरातले दोन पिवळे बल्ब. डेकोरेशनच्या रंगीत एलईडी माळा काकांनी आधी बंद करून घेतल्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेवर थेट चालणाऱ्या स्वस्त माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टे येऊ लागतात. शिवाय नवरीच्या गालावर जांभळी झाक, ती वेगळीच.

नवरी सावळी होती, नवरा चांगलाच गोरा. मध्ये अंतरपाट, पांढराशुभ्र. मी काकांना विचारलं, "मीटर स्पॉटवर, म्हणजे एका ठिपक्यापुरतं ठेवून नवरीचा गाल मोजू का?"

"मोज," ते म्हणाले, "आणि मग नवऱ्याचा मोज."

दोन्ही आकडे वेगळे आले, दीड स्टॉपच्या आसपास फरक. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) उजेड दोघांवर सारखाच पडत होता. कॅमेऱ्याचं मीटर समोरून परत आलेला उजेड मोजतं आणि जे दिसेल ते मध्यम करडं, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत टाकणारं आहे, असं धरून चालतं. नवरीच्या गालावर मोजलं तर ते तिला उजळ करणार, नवऱ्याच्या गालावर मोजलं तर त्याला काळवंडवणार. अख्खी फ्रेम मोजली तर अंतरपाट वर असताना तो पांढरा पट्टा मीटरला दबवणार, अंतरपाट करडा आणि माणसं काळी. अंतरपाट दूर झाला की मागचं अंधारं माजघर दिसणार आणि मीटर उलट्या बाजूला धावणार. तोही नेमका अक्षता पडायच्या क्षणाला.

काकांनी मला पाटाजवळ, नवरीच्या चेहऱ्याच्या उंचीला हात धरायला सांगितलं. तळहात उजेडाकडे, त्यावर सावली येऊ न देता. स्पॉट मीटर तळहातावर लावलं आणि आलेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त एक्सपोजर दिलं. तळहात करड्यापेक्षा साधारण स्टॉपभर उजळ असतो, आणि माणूस गोरा असो की काळा, तळहातात फारसा फरक पडत नाही. मॅन्युअलवर शटर १/१००, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड एफ २.८, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १६००. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, ऑटोवरून काढून बल्बच्या जवळ, ३४०० केल्विनला बांधला, म्हणजे दर फोटोला रंग बदलायला नको.

गोरज मुहूर्ताची पंचाईत ही की उजेड थांबत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा चौक राखी होता, तिसऱ्या कडव्याला काळपट. मी मामांच्या मागून दर कडव्याला हात पुढे करत होतो, काका एका नजरेत आकडा घेत होते. शेवटच्या 'सावधान'च्या आधी त्यांनी आयएसओ ३२०० केला. शटर आणि अ‍ॅपर्चर जागच्या जागी. अंतरपाट ओढला गेला, अक्षता उडाल्या, आणि फ्रेममधला पांढरा भाग नाहीसा झाला तरी आमचा आकडा हलला नाही.

स्क्रीनवर पाहिलं तर अंतरपाट पांढरा, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक लाल, नवरीची बाटली-हिरव्या रंगाची येवल्याची पैठणी काळी न पडता हिरवी, आणि नवरी सावळीच. गालाची तुकतुकी, नथीच्या मोत्यांवरचा बल्बचा ठिपका, सगळं शाबूत. चौकाच्या बाजूचा तिचा खांदा जरा निळसर होता. तो आम्ही तसाच राहू दिला, संध्याकाळ होती म्हणून.

अल्बमच्या वेळी घरातल्या एक आत्याबाई म्हणाल्या, "जरा उजळ करता येईल का तिला?" ही मागणी प्रत्येक लग्नात येते, आणि आमच्यातले बरेच जण मुकाट्याने करून देतात. मला ते तेव्हाही पटलं नाही, आता तर मुळीच नाही. काकांनी आवाज न चढवता सांगितलं, "ताई, उजेड बरोबर मोजलाय. तिचा रंग तिचा आहे." नवरीने तोच फोटो मोठ्या प्रिंटसाठी निवडला.

आता मी स्वतः काम घेतो. गंगापूर रोडचं एसी कार्यालय असो की पंचवटीतलं घर, पोचल्यावर पाटाजवळ उभा राहून आधी तळहात धरतो. कुणी उजळ करून मागितलं, तर तो फोटो देत नाही.