आलेखाची उलटतपासणी

चार्जशीटच्या तिसऱ्या परिशिष्टात फक्त दोन कागद होते. एक, पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्यासाठी वापरतात त्या यंत्राच्या चाचणीचा दीड पानी अहवाल. दुसरा, "मी पुन्हा चाचणीला बसू इच्छित नाही" असं आरोप असलेल्या स्टेनोनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला अर्ज. एवढ्यावर दोन आरोप ठेवले होते. पहिला सचोटीला बाधा आणल्याचा, दुसरा वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा केल्याचा.

ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकार कार्यालयात, माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. निवृत्तीनंतर मी खातेनिहाय चौकशांमध्ये डिफेन्स असिस्टंट, म्हणजे कर्मचाऱ्याची बाजू मांडणारी, म्हणून काम बघते. केंद्राच्या चौकशीत कर्मचाऱ्याला सहसा वकील घेता येत नाही. नोकरीतला किंवा निवृत्त सरकारी माणूस मदतीला घ्यावा लागतो. प्रवासभत्त्याची खोटी बिलं, गैरहजेरी, साहेबाशी हुज्जत असल्या केसेस मी पुष्कळ पाहिल्या. पॉलिग्राफच्या आलेखावर उभं केलेलं चार्जशीट कधी हातात आलं नव्हतं.

खातं गुप्तवार्तेच्या कामाशी संबंधित होतं, याहून जास्त मी लिहिणार नाही. ती तिथे स्टेनो. तिची आई आणि मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एकाच भजनी मंडळातल्या, म्हणून ती मला मावशी म्हणते. तिच्या शाखेतल्या एका अंतर्गत टिपणीचा फोटो बाहेर गेला होता. पोलिसात तक्रार नाही, एफआयआर नाही. शाखेतल्या सगळ्यांना पॉलिग्राफला बसवायचं ठरलं. संमतीपत्रं छापून आली, टेबलावर ठेवली आणि एकामागून एक सह्या झाल्या. सही नसेल तर शाखेतून बाहेर, हे तोंडी सांगितलं होतं. कागदावर अर्थातच ते कुठेच नव्हतं.

चाचणी कशी झाली ते तिनं मला सविस्तर सांगितलं. छातीवर आणि पोटावर दोन वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या, श्वास मोजायला. दंडावर बीपीच्या मशीनसारखा पट्टा, पण तो फुगवला की प्रश्न संपेपर्यंत तसाच. दोन बोटांना धातूच्या पट्ट्या, घामासाठी. नळ्या बांधताना महिला शिपाई होती, प्रश्न विचारताना खोलीत फक्त परीक्षक. प्रश्न आधी वाचून दाखवले होते, मग तेच प्रश्न तीन फेऱ्यांत. दोन प्रश्नांमध्ये वीस-पंचवीस सेकंद शांतता. "मावशी, तिसऱ्या फेरीला हात माझा आहे की दुसऱ्या कुणाचा तेच कळेना, इतका बधिर झाला होता."

अहवालात पाचव्या आणि आठव्या प्रश्नाला "भ्रामकतेचे निर्देश", म्हणजे उत्तर खोटं असल्याच्या खुणा, लिहून आले. पुन्हा बसा म्हणाले, तिनं नकार दिला, आणि महिन्याभरात चार्जशीट आलं.

पहिली लढाई झाली ती मूळ आलेख बघण्यावरून. अहवाल म्हणजे एका माणसाचं मत. ते ज्यावरून बनलं तो आलेख मला हवा होता. माहितीच्या अधिकाराचा उपयोग नव्हता, कारण 2005च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या गुप्तवार्ता संस्था भ्रष्टाचार आणि मानवाधिकारभंग सोडला तर त्या कायद्याबाहेर आहेत. चौकशीच्या नियमांतही राज्याच्या सुरक्षेचं कारण देऊन कागद नाकारता येतो, आणि खात्यानं नेमकं तेच केलं. मी लेखी मांडलं की ज्या अहवालावर तुम्ही आरोप उभा केला त्याचा पायाच झाकून ठेवता येणार नाही. रूपसिंग नेगी प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की नुसता कागद हजर केला म्हणजे तो शाबीत होत नाही, तो साक्षीदारानं शाबीत करावा लागतो. चौकशी अधिकारी सरळ गृहस्थ होते. आलेख खोलीतच बघायचा, प्रत मिळणार नाही, आणि परीक्षकाला साक्षीला बोलवायचं, असा आदेश त्यांनी दिला.

तो दिवस मी विसरणार नाही. मे महिना, बाहेर लू, खोलीतला कूलर इतका घरघरत होता की उत्तरं दोनदा विचारावी लागत होती. परीक्षक चाळिशीचा, शांत, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस. तो खोटं बोलणारा नाही, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, आणि म्हणूनच मी त्याला घेरण्याच्या भानगडीत पडले नाही. सरळ विचारत गेले. चौकशी हिंदीत चालते. इथे मराठीत लिहिते आहे.

"यंत्र काय मोजतं?"

"श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेचा घाम."

"खोटं मोजतं का?"

"थेट नाही. शरीरातल्या बदलांवरून आम्ही अनुमान काढतो."

चौकशी अधिकाऱ्यांनी हात वर करून थांबवलं आणि हे वाक्य साक्षीदाराच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

"भीतीनं, रागानं, अपमानानं याच रेघा हलतात?"

"हलू शकतात."

मग प्रश्नांकडे वळले. प्रश्न तीन प्रकारचे होते. काही निरर्थक, म्हणजे आज सोमवार आहे का असले. काही मुद्द्याचे: तुम्ही ती टिपणी बाहेरच्या माणसाला दाखवली का. आणि काही तुलनेसाठी: आयुष्यात कधी वरिष्ठांशी खोटं बोललात का. या पद्धतीचा हिशेब असा, की निरपराध माणूस तुलनेच्या प्रश्नाला जास्त अस्वस्थ होतो, कारण "नाही" म्हणताना त्याची त्यालाच खात्री नसते. आणि अपराधी मुद्द्याच्या प्रश्नाला. मी विचारलं, शाखेत कित्येक दिवस या फुटीशिवाय दुसरा विषय नाही, पाचव्या प्रश्नावर आपली नोकरी टांगलेली आहे हे प्रत्येकाला माहीत आहे. तर निर्दोष बाई जास्त कुठल्या प्रश्नाला घाबरेल? कधीकाळी वरिष्ठांना मारलेल्या थापेच्या, की या? तो जरा थांबला. म्हणाला, "ते व्यक्तीवर अवलंबून आहे."

मग आलेख पुढे ठेवला. ऑडिटवाल्याची नजर आकड्यांपेक्षा कडेच्या खुणांवर आधी जाते. तिसऱ्या फेरीच्या आलेखावर, आठव्या प्रश्नाच्या रेघेच्या अगदी वर, बारीक अक्षरात इंग्रजी एम लिहिलेला होता.

"हा एम म्हणजे?"

"मूव्हमेंट. हात हलला होता."

"हालचालीनं रेघ बिघडते?"

"बिघडते."

"मग तो भाग गुण देताना धरला का?"

त्यानं अहवालाचं मागचं पान काढलं, गुणांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा आलेख पाहिला. "धरला आहे."

"धरायचा असतो?"

"सहसा वगळतात."

"हा आलेख दुसऱ्या कुणा परीक्षकानं स्वतंत्रपणे वाचला आहे का?"

"नाही."

त्याच्याविषयी मला आदर वाटला. बाजू सावरायला त्याला सहज काहीतरी ठोकून देता आलं असतं. खरा अडसर पुढच्या प्रश्नाला आला. एकूण किती जणांची चाचणी झाली आणि त्यांतल्या कितींच्या अहवालात हेच निर्देश आले, असं विचारलं तेव्हा खात्याची बाजू मांडणारे प्रेझेंटिंग ऑफिसर उठले, सुरक्षेचा मुद्दा काढला, आणि प्रश्न नामंजूर झाला.

जेवणाच्या सुट्टीत ती व्हरांड्यात डबा न उघडताच बसून राहिली. म्हणाली, "मावशी, त्या प्रश्नाला मी घाबरले होते हे खरंच आहे. ती टिपणी मीच टाइप केली होती ना." माझं डोकं फिरलं ते तेव्हा. जी बाई आपल्या हातचा कागद बाहेर गेला म्हणून हादरते, तिचाच घाम तिच्याविरुद्ध पुरावा होतो. आणि ज्यानं फोटो काढला तो निगरगट्ट असेल तर स्वच्छ सुटतो.

हे माझं भावनेच्या भरातलं बोलणं नाही. लेखी निवेदनात मी अमेरिकेची उदाहरणं दिली, कारण गुप्तहेर खात्यातल्या पॉलिग्राफचा जुना अनुभव त्यांच्याकडे आहे. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स 1985 पासून रशियनांना माहिती विकत होता. 1986 आणि 1991 अशा दोन्ही वेळा तो पॉलिग्राफमधून पार पडला, आणि 1994 मध्ये पकडला गेला. त्यानं 5 लाख 40 हजार डॉलरचं घर रोखीनं घेतलं होतं. पगाराशी तो खर्च ताडून बघायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं. अ‍ॅना मॉन्टेस तिथल्या लष्करी गुप्तवार्ता संस्थेत क्यूबाचं काम बघायची आणि क्यूबासाठीच हेरगिरी करायची. तीही 1994 मध्ये चाचणीत पास झाली आणि 2001 पर्यंत खुर्चीवर होती. आपल्याकडे 2004 मध्ये रॉचा रविंदर सिंग पाळत असताना निसटला, पण त्याच्यावर मुळात संशय आला तो सहकाऱ्यांना, तो गरजेपेक्षा जास्त कागदांच्या झेरॉक्स काढतो हे पाहून.

आणि तो नामंजूर झालेला प्रश्न मी का विचारला होता, तेही लिहिलं. अमेरिकेतल्या अण्वस्त्र प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांनी या चाचण्यांना विरोध केल्यावर ऊर्जा खात्यानंच नॅशनल रिसर्च कौन्सिलकडून अभ्यास करवून घेतला. स्टीफन फिनबर्ग या संख्याशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा तो अहवाल 2003 मध्ये छापला गेला. त्यात एक हिशेब आहे. समजा 10,000 कर्मचारी आहेत आणि त्यांत 10 हेर. दहांपैकी आठ सापडावेत इतकी कसोटी कडक ठेवली, तर त्या आठांबरोबर जवळपास 1,600 निर्दोष माणसंही अडकतात. ती कमी अडकावीत म्हणून कसोटी सैल केली, तर 40च्या आसपास लोक अडकतात, पण दहांपैकी आठ हेर सुटतात. ही समितीची कल्पित आकडेमोड आहे, पण तिनं यंत्राला उगाच वाईट धरलेलं नाही. त्याची अचूकता बऱ्यापैकी मानूनच हा हिशेब केला आहे. गुन्हा घडलाय आणि चार संशयित समोर आहेत, तिथे गोष्ट वेगळी. सरसकट सगळ्यांना बसवलं की निर्दोषांची संख्याच इतकी मोठी असते की अडकणारे बहुतेक तेच असतात. कितीजण बसले आणि कितीजण अडकले हे कळल्याशिवाय तिच्या एकटीच्या अहवालाला काय वजन द्यायचं, हे कुणालाच ठरवता येणार नव्हतं.

कायद्याच्या मुद्द्यावर प्रेझेंटिंग ऑफिसरांची तयारी चांगली होती. सेल्वी विरुद्ध कर्नाटक हा 5 मे 2010चा निकाल फौजदारी आरोपींसाठी आहे, म्हणाले, आणि खातेनिहाय चौकशीला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, हे 1977च्या रतन सिंग प्रकरणापासून ठरलेलं आहे. दुसरं बरोबर होतं. पहिलं नव्हतं. सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ तिन्ही सक्तीनं करायला मनाई केली, आणि ती फौजदारी तपासाबाहेरही लागू आहे हे निष्कर्षात स्पष्ट म्हटलंय, कारण प्रश्न व्यक्तिस्वातंत्र्याचाही आहे. संमतीनं चाचणी दिली तरी तिचा निष्कर्ष पुरावा म्हणून घेता येत नाही, हेही त्यातच आहे. मानवाधिकार आयोगाच्या 2000च्या मार्गदर्शक सूचना आरोपींसाठी आहेत, पण त्यांत संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर आणि वकिलाच्या उपस्थितीत नोंदवायची आहे. खुनाच्या आरोपीला जी काळजी मिळते, ती सरकारी स्टेनोला टेबलावरच्या छापील कागदात मिळू नये, याला काय म्हणायचं? गुप्तवार्ता खात्यातल्या माणसाला 1985च्या कायद्यामुळे युनियन करता येत नाही, वर्तमानपत्रात जाता येत नाही. तो दाद मागणार तरी कुठे?

देशाची गुपितं फुटू नयेत असंच मलाही वाटतं. कोणी कोणता कागद किती वाजता उघडला, कुठल्या मशीनवर झेरॉक्स काढली, कपाटाची चावी कुणाकडे होती, याच्या नोंदी ठेवा आणि त्या तपासा. या शाखेत झेरॉक्सच्या मशीनचं रजिस्टरच नव्हतं. ते मी उलटतपासणीत शाखाधिकाऱ्याकडून वदवून घेतलं, आणि माझ्या मते संपूर्ण चौकशीतली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच होती. त्याबद्दल कुणाला साधा मेमोही मिळालेला नाही.

अहवाल आला. पहिला आरोप सिद्ध झाला नाही. आलेखातली हालचालीची खूण आणि "अनुमान" हा परीक्षकाचा जबाब, दोन्हींचा त्यात उल्लेख आहे. दुसरा आरोप, दुसऱ्या चाचणीला नकार दिल्याचा, मात्र सिद्ध धरला गेला. तिला सेन्शुअर, म्हणजे लेखी ठपका, झालं आणि शाखा बदलली. लोक म्हणतात सेन्शुअर म्हणजे किरकोळ शिक्षा. पण तिची बढती जवळ आली होती, आणि सेवापुस्तकात ती नोंद आता राहणार.

अपिलाला 45 दिवसांची मुदत असते. आम्ही त्यात अपील टाकलं. पहिलाच मुद्दा हा, की नकार दिला म्हणून शिक्षा होणार असेल तर त्या चाचणीला ऐच्छिक म्हणता येत नाही, आणि जी ऐच्छिक नाही ती सेल्वीच्या निकालानुसार घेताच येत नाही. निकाल यायचा आहे. दरम्यान नव्या शाखेतही चाचण्यांची यादी लागली. तिनं फोन करून विचारलं, "मावशी, आता काय करू?" मी सांगितलं, संमतीपत्रावर "मंजूर" किंवा "नामंजूर" एवढंच लिहून सोडू नकोस. सही न केल्यास काय होईल असं कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते सहीच्या वरच्या जागेत तारखेसह लिही, आणि पोच घेऊनच प्रत परत दे.