अंडाशय, इन्सुलिन आणि आमचे ताट

आषाढ शुद्ध द्वादशी

काल घरात एकादशी साग्रसंगीत पार पडली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस आणि रात्री रताळ्याचे गुळातले काप असा बेत होता. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली, त्याने आमच्याच स्वयंपाकघरात डोकावले असावे. पथ्याच्या नजरेने पाहिले तर या चारही वेळच्या खाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नव्हते. कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे 85 ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, प्रथिने आणि तंतू मात्र नावापुरतेच. खिचडीत पडणारे दाण्याचे कूट हाच काय तो आधार, आणि तेही हल्ली 'तेलकट होते' म्हणून कमी घातले जाते. (साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. ती उपासाला चालतात आणि आपली मटकी चालत नाही, याचे मला दर एकादशीला नवल वाटते.)

मला पीसीओएस, म्हणजे पाळी आणि संप्रेरके बिघडवणारा 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' हा विकार, असल्याचे निदान होऊन बरीच वर्षे लोटली. गोळ्या कमी-अधिक झाल्या, पाळीचे वेळापत्रक बिघडले आणि सावरले, पण आहाराविषयी जितके सल्ले मिळाले तितके दुसऱ्या कोणत्याही गोष्टीविषयी मिळाले नाहीत. त्यातले बहुतेक 'हे खाऊ नको' या स्वरूपाचे होते: दूध नको, गहू नको, भात नको, फळे नकोत, रात्री सातनंतर काहीच नको. या सगळ्या नकारांची बेरीज केली तर खायला उरतात ती फक्त औषधे.

काल संध्याकाळी शेजारच्या काकूंनी अंडाशयातल्या 'गाठी विरघळवणारा' काढा सांगितला, म्हणून एक गोष्ट इथे नीट लिहून ठेवते. पीसीओएसमध्ये सोनोग्राफीत जे दिसते, त्या बहुतांशी दोन ते नऊ मिलिमीटरच्या बीजपुटिका असतात. दर महिन्याला त्यांपैकी एक पूर्ण वाढून तिच्यातून बीज बाहेर पडायचे असते. ते घडत नाही, वाढ मध्येच थांबते आणि अशा अर्धवट वाढलेल्या पुटिका अंडाशयात साठून राहतात. त्या विरघळवायच्या नसतात, त्यांची थांबलेली वाढ पुन्हा सुरू व्हायला हवी असते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी 1935 मध्ये सात स्त्रियांच्या अशा अंडाशयांचे वर्णन केले, तेव्हापासून लक्ष अंडाशयावर खिळले. बिघाडाचा मोठा भाग अंडाशयाबाहेर, इन्सुलिनच्या कारभारात असतो, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

खऱ्या गाठींची गोष्ट वेगळी आहे. पाळीच्या चक्रातून तयार होणारी साधी, पाण्याने भरलेली गाठ बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप नाहीशी होते, आणि त्या काळात जो काढा चालू असेल त्याला श्रेय मिळून जाते. डर्मॉइड (आत केस-चरबी असलेली गाठ) किंवा चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) मात्र ना काढ्याने जाते, ना उसळीने. तिचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञानेच करायचा असतो. ओटीपोटात एका बाजूला एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर गाठीसह अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, आणि त्या वेळी घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. काकूंना मी हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि काढ्याची पुडी ओट्यावर ठेवूनच गेल्या.

शुक्रवार

रक्ततपासणीचे अहवाल आले. तीन महिन्यांची सरासरी साखर सीमारेषेच्या अलीकडे आहे, बी-12 मात्र कमी भरले. मेटफॉर्मिन ही इन्सुलिनचे काम सुधारणारी गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-12 खालावू शकते हे माहीत असलेले बरे, विशेषतः आमच्यासारख्या मुख्यतः शाकाहारी घरात, जिथे ते दूध-दह्यातून जेमतेमच मिळते. थकवा आला की तो 'हार्मोन्सचा' म्हणून सोडून दिला जातो, आणि कधीकधी तो निव्वळ या कमतरतेचा असतो.

'तू तर बारीक आहेस, तुला कसे काय हे?' हा प्रश्न आज पुन्हा एकदा कार्यालयात ऐकला. याचे उत्तर आमच्या पुण्यातच सापडलेले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे प्रसिद्ध केली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3; पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचे 21.2 टक्के. भारतीय शरीर वरून सडपातळ दिसले तरी आत, विशेषतः पोटाच्या भागात, चरबी धरून असते आणि स्नायू कमी असतात. म्हणूनच आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिवणाची टेप अधिक खरे बोलते: बायकांच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे.

इन्सुलिन आणि अंडाशय यांचा संबंध मला ज्या डॉक्टरांनी समजावला, त्यांची मांडणी अजून लक्षात आहे. इन्सुलिनच्या हाकेला स्नायू बहिरे होतात, अंडाशयाचे कान मात्र शाबूत राहतात. स्नायूंनी साखर आत घ्यावी म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडत जाते. ते वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला, मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीकडून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाच्या जोडीने, टेस्टोस्टेरॉन अधिक तयार करायला लावते. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृत तयार करते, तेही इन्सुलिनमुळे घटते, म्हणजे मोकळे टेस्टोस्टेरॉन आणखी वाढते. हनुवटीवरचे राठ केस, जबड्यालगतचे मुरुम, टाळूवर विरळ होणारे केस आणि लांबणारी पाळी ही सगळी त्याच साखळीची टोके आहेत.

ही साखळी समजली की ताटाचा प्रश्न सोपा होतो. प्रत्येक जेवणानंतर इन्सुलिनची उसळी किती मोठी येते, एवढेच पाहायचे असते. 2023 मध्ये अद्ययावत झालेल्या पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की या विकारासाठी कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्या संतुलित आहाराहून सरस असल्याचा पुरावा नाही. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे किन्वा, बदामाचे दूध आणि ॲव्होकॅडो यांनी भरलेला, भरपूर फी घेऊन मोबाइलवर पाठवला जाणारा तक्ता निर्धास्तपणे पुसून टाकता येतो. वजन जास्त असेल तर त्यातले 5 ते 10 टक्के उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते. 70 किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले, लग्नाआधीच्या फोटोतली कंबर नव्हे.

श्रावण, पहिला सोमवार

आजचा उपास संध्याकाळी सोडायचा, म्हणून सासूबाईंशी सकाळीच बोलून घेतले. आई म्हणाल्या, "देवाला साबुदाणाच लागतो असं कुठं लिहिलंय? पण उपासाला उसळ मात्र मी करणार नाही हो." तडजोड अशी झाली की दिवसा ताक, मूठभर भाजलेले दाणे, एखादे पेरू आणि दुपारी राजगिऱ्याच्या पिठाची, काकडी किसून घातलेली थालीपिठे दह्याबरोबर खायची, राजगिऱ्यात प्रथिने शंभर ग्रॅमला 13-14 ग्रॅम असतात, म्हणजे साबुदाण्याशी तुलनाच नको. रात्री उपास सोडताना मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेवटी चार घास वरणभात.

आमच्या रोजच्या ताटातही बदल झाला तो एवढाच. पूर्वी पोळी आणि भात मध्यभागी असत, बटाट्याची भाजी त्यांना सोबत करी आणि आमटी इतकी पातळ असे की तिच्यात डाळ शोधावी लागे. म्हणजे पिष्टावर पिष्ट, आणि वर पिष्टाचीच भाजी. आता उसळ, घट्ट वरण, पिठले किंवा अंडी यांपैकी काहीतरी आधी वाढले जाते, कोशिंबीर आणि पालेभाजी त्याच्या शेजारी येते आणि भाकरी किंवा पोळी उरलेल्या जागेत बसते. खाण्याचा क्रमही पाळते: आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी. पोटात आधी तंतू आणि प्रथिने गेली की नंतर येणाऱ्या पिष्टाची साखर रक्तात सावकाश उतरते. चातुर्मासात कांदा-लसूण नसला तरी मटकी आल्या-मिरचीवर उत्तम जमते. मोड नखभर आले की लगेच फोडणीला टाकावी, मोड फार लांबले तर ती चिवट होते आणि मग घरातली मुले बोटाने कडेला सारतात.

धान्याच्या नावापेक्षा त्याचे रूप महत्त्वाचे, हे मला नाचणीने शिकवले. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून ती गुणी आहेच. पण नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तिचे सत्त्व काढले आणि त्याची गुळमट खीर केली, की तंतू फडक्यात राहतात आणि कपात उरते ते सहज पचणारे पिष्ट आणि गूळ. तीच नाचणी कोंड्यासकट दळून भाकरी केली तर हिशेब बदलतो. तांदळाचेही थोडे असेच आहे: शिळ्या, गार झालेल्या भाताच्या पिष्टाचा काही भाग पचनाला अवघड होतो, त्यामुळे फोडणीचा भात ताज्या वाफाळत्या भातापेक्षा किंचित बरा, पण किंचितच, त्यावर ताटभर हक्क सांगू नये.

गुळाविषयी मात्र माझे मत कठोर आहे. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर गुळाच्या चहाची दुकाने झाली आहेत आणि तिथे दिवसातून चार कप रिचवणाऱ्या मैत्रिणी साखर सोडल्याचे समाधान मानतात. गुळात खनिजे थोडी अधिक असतील, इन्सुलिनला मात्र गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. दुधाविषयी उगाच भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. पचत असेल तर साधे दही आणि ताक जरूर घ्यावे. पीसीओएससाठी विकल्या जाणाऱ्या इनॉसिटॉल या पूरक द्रव्याच्या पुड्यांबद्दल डॉक्टर म्हणाले, अपाय फारसा नाही, फायद्याचा पुरावा मर्यादित आहे, खिसा पाहून ठरवा. मी खिसा पाहिला आणि त्या पैशांत अंडी आणली.

जेवणानंतरची शतपावली ही आपल्याकडची जुनी सवय, आणि तिची बाजू आता शरीरशास्त्रही घेते. चालताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतो. रात्री ओटा आवरून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे गच्चीवर चालते. पावसाची सर असेल तर जिन्यातच, आणि मग खालच्या मजल्यावरचे काका दार उघडून कोण आले ते पाहतात.

रविवार

ताई भाचीला घेऊन आली. भाची सतरा वर्षांची, पाळी दोन-दोन महिने येत नाही, आणि कुणीतरी सोनोग्राफी करून हातात 'पीसीओडी' (पीसीओएसचेच रूढ नाव) असा शिक्का मारलेला कागद दिला, तेव्हापासून तिने भात, पोळी, दूध सगळे एकदम सोडले आहे. मला कागदापेक्षा तिच्या मानेकडे पाहून काळजी वाटली. केसांच्या खाली, मागच्या बाजूला, मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा आहे. तिची आजी तो मळ समजून मसुराच्या पिठाने आणि लिंबाने घासते, आणि कातडी सोलवटून निघते. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढलेले असल्याची ती बाहेर दिसणारी खूण असते, आणि इन्सुलिन उतरले तर ती हळूहळू फिकट होते.

"मावशी, मग माझ्या ओव्हरीज खराब झाल्यात का गं?" असे तिने विचारले. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयांतही पुष्कळ पुटिका दिसतात, असे त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. किशोरवयात पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे, दोन्ही असतील तरच निदान करावे. निकष बदलले की चित्र किती बदलते, याचे उदाहरण मुंबईचेच आहे: परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी केली आणि 2014 मध्ये ती प्रसिद्ध झाली, रॉटरडॅमच्या, म्हणजे तीनपैकी कोणतीही दोन लक्षणे पुरेशी मानणाऱ्या, निकषांनी 22.5 टक्के मुली पीसीओएसच्या गटात आल्या, आणि अधिक कडक निकष लावल्यावर 10.7 टक्के. हे आकडे सतराव्या वर्षी मुलीला तोंडावर सांगण्यात अर्थ नव्हता. तिला मी एवढेच सांगितले की तुझे अंडाशय खराब झालेले नाहीत, तपासण्या पुन्हा नीट करू, आणि आज जेवायला बस.

ती बसली, दोन वाट्या उसळ खाल्ली, भाकरी नको म्हणाली, मग अर्धी घेतली. उपाशी राहण्याचा तिचा आग्रह मला त्या सोनोग्राफीपेक्षा गंभीर वाटतो; एकदम जेवण तोडले तर पाळी आणखी लांबते, आणि मग संध्याकाळी बिस्किटाच्या पुड्यावर धाड पडते, त्यावरून पुन्हा घरात बोलणी.

बुधवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. ताईला प्रश्न लिहून दिले: 75 ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी हिला लागेल का, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके तपासून झाले आहे का, कारण त्यांच्यामुळेही पाळी लांबते, आणि तीन महिने उलटूनही पाळी आली नाही तर ती गोळीने आणायची का, कारण गर्भाशयाचे अस्तर नुसतेच वाढत राहणे पुढे धोक्याचे असते. माझे बी-12 चे इंजेक्शनही त्याच दिवशी उरकून घ्यायचे आहे, म्हणून मीही त्यांच्याबरोबर जाईन.